गप्प पडलेली तलंग

बिथरलेली कोंबडी वळणावर कशी आणायची, हे आपल्याकडे ज्याला त्याला ठाऊक असतं. पाय धरून उलटी टांगा. डाल्याखाली दोन दिवस उपाशी कोंडा. नाहीतर घट्ट दाबून धरा आणि धडपड थांबेपर्यंत सोडू नका. हे तिन्ही इलाज मी आमच्या पोस्टवर एकाच आठवड्यात ऐकले. सांगणारे सगळे गावाकडचे, कोंबड्यांत वाढलेले जवान. मी सातारा जिल्ह्यातला, लहानपणी मीही हेच केलंय. तरी आज स्पष्ट लिहितो, हे तिन्ही इलाज खोटे आहेत.

पोस्ट आसामात, ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेला. नाव लिहीत नाही, तुम्ही समजून घ्याल. लंगरच्या मागे बांबूचं खुराडं, त्यात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. शेजारच्या मिसिंग गावातल्या एका बाइदेउंकडून आम्ही चार महिन्यांची तलंग आणली. तिकडची मिरी जात. खांबांवर उभारलेल्या चांगघराखाली मोकळी वाढलेली. माणूस दिसला की ही थेट कुंपणावर.

तिसऱ्या दिवशी लंगर कमांडरने झडप घालून तिला धरलं, पाठीवर उताणी टाकली आणि दाबून ठेवली. अर्ध्या मिनिटात ती निपचित पडली. डोळे उघडे, पाय ताठ. ‘बघा साहेब, झाली शांत!’

ही करामत जुनी आहे. १६४६ साली अथनासिउस किर्शर नावाच्या जर्मन पाद्र्याने ती पुस्तकात लिहून ठेवली. कोंबडी जमिनीवर दाबायची, चोचीपासून खडूची रेघ ओढायची, ती जागची हलत नाही. त्याला तो कल्पनाशक्तीचा चमत्कार वाटला. आता कोंबड्यांचा अभ्यास करणारे वेगळं सांगतात. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहायचं आणि पकड सैल झाली की पळायचं, हा तिचा शेवटचा डाव आहे. कोंबडी किती भित्री आहे हे मोजायला शास्त्रज्ञ ती किती वेळ अशी पडून राहते तेच बघतात. आणि आपण त्याच पडण्याला ‘माणसाळली’ म्हणतो! उलटी टांगून नेण्याबद्दल तर बोलायलाच नको. जनावराला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने नेणं १९६० च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलंय. पण बाजाराच्या दिवशी सायकलच्या हँडलकडे बघा.

मी लंगर कमांडरला म्हटलं, ही माझ्याकडे दे, वीस दिवस कोणी हात लावायचा नाही. तो हसला.

पहिले चार दिवस मी नुसता बसलो. संध्याकाळी पाच वाजता, उलट्या बादलीवर, तिच्याकडे अर्धी पाठ करून. उभा माणूस तिला डोंगराएवढा, आणि वरून येणारा हात म्हणजे घार. रोज तोच डबा, तोच खडखडाट, तीच हाक. कणी माझ्यापासून दहा हात लांब टाकायची आणि रोज एक हात अलीकडे आणायची. आणखी एक अडचण होती. जुन्या कोंबड्या तिला चोची मारून हाकलत होत्या. कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते आणि नवी पोर तळाला. (आपल्याला हे शिकवायला प्रोफेसर लागत नाही.) म्हणून तिचं खाणं वेगळं, सगळ्यांत धीट म्हातारी कोंबडी तेवढी सोबतीला. म्हातारी माझ्या गुडघ्यावर चढायची, तलंग मान वाकडी करून एका डोळ्याने बघायची. नवव्या दिवशी वाळवीचा ढेकूळ फोडला. त्या दिवशी ती पहिल्यांदा बुटापर्यंत आली. पंधराव्या दिवशी तळहातावरून खाल्लं. उचलायची म्हणजे अंधार पडल्यावर, दांडीवर बसलेली असताना, हात छातीखालून सरकवून. लगेच परत ठेवायची.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, हवालदार, एवढा वेळ कोणाला आहे? रंगरूट काय बादलीवर बसून घडतो का?

तर ऐका. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नवं पोरगं आलं होतं. बडबडं, सगळ्याला घाबरणारं. मी त्याला पंधरा दिवसांत गप्प केलं. रगडा दिला, चारचौघांत नक्कल केली. मान खाली, ‘जी उस्ताद’ एवढंच. मला वाटलं, तयार झाला. त्या पोराने तीन दिवस ताप अंगावर काढला आणि चौथ्या दिवशी गस्तीत कोसळलं. मलेरिया निघाला. वाचला, नशीब माझं. हॉस्पिटलात विचारलं, ‘का बोलला नाहीस रे?’ म्हणाला, ‘उस्ताद, तुम्ही बहाणा म्हणाला असता.’

म्हणालोच असतो.

कोंबडीही दुखणं असंच लपवते. कळपात मलूल दिसलेल्यावर चोची पडतात, हे तिला माहीत असतं. शिस्त नको असं मी म्हणत नाही. पहाट, परेड, कष्ट, सगळं हवं आणि वेळेवर हवं. माझा पाचचा ठोका मी एकदाही चुकवला नाही, तीही शिस्तच होती. पण धाकाने थिजलेलं पोर हुकूम ऐकतं, खबर देत नाही. झाडीत काही हललं, रायफल अडकली, पाय सुजला, काही सांगत नाही. ‘आमच्या वेळी असंच होतं आणि आम्ही घडलो’ म्हणणाऱ्यांनी आपल्या वेळी कोण कोण काय काय लपवत होतं ते आठवून बघावं. मी स्वतः ट्रेनिंगमध्ये मोडलेलं बोट आठवडाभर लपवलं होतं. त्याचा मला कित्येक वर्षं अभिमान वाटायचा.

ते पोरगं आता खुराड्याचं काम बघतं. परवा सकाळी स्वतःहून आलं, म्हणालं, ‘उस्ताद, तलंग आज खात नाही, आणि माझंही पोट बिघडलंय.’ दोघांनाही बघितलं. त्याला औषध लागलं, तिला काही झालं नव्हतं. दुपारी वाळूच्या पोत्यामागे तिचं पहिलं अंडं सापडलं. लंगर कमांडरचं डालं मी काढून घेतलंय, त्यात आता कांदे असतात.