पोथी वाचणारा आणि अर्थ सांगणारा

गाण्याची आवड असलेल्या मराठी घरांत १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत सीडींचा बऱ्यापैकी साठा झाला. कॅसेटपेक्षा महाग म्हणून चार वेळा विचार करून घेतलेल्या, कुणा भाच्याने परदेशातून आणलेल्या, मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तासभर चाळून निवडलेल्या. ते दुकान २०१६ साली बंद झाले. साठा मात्र शोकेसमध्ये तसाच आहे, आणि तो वाजवणारे यंत्र आता कुरकुरू लागले आहे. तबकडी आत जाते, दोन गिरक्या घेते आणि समोर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटतात. मग घरात चर्चा सुरू होते की नवा प्लेअर घ्यावा, की हल्ली जो तो ज्याचे नाव घेतो तो कन्व्हर्टर, म्हणजे ‘डॅक’, घ्यावा?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. ऐकण्याचा नाद जुना आणि लॅमिंग्टन रोडवर झिजवलेल्या चपला पुष्कळ, एवढाच माझा अधिकार. पण एक गोष्ट लक्षात आली. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्लेअर अडखळत होता आणि कन्व्हर्टर लावला की तो अडखळायचा थांबेल, अशी त्यांची समजूत होती. एका दुकानदाराने तर ती पक्की करून दिली होती.

सीडी प्लेअरच्या पेटीत दोन गडी राबत असतात. चातुर्मासात देवळात एक जण पोथी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो, तसे. तबकडीवर स्वर नसतात, आकडे असतात. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या आवाजाचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेऊन ते सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपाने कोरलेले असते. ही रेघ इतकी बारीक, की एका मिलिमीटरच्या रुंदीत तिचे सव्वासहाशे वेढे बसतात. त्या रेघेवर लेझरचा किरण धरून आकडे वाचायचे, हे पहिल्याचे काम. त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवायची, हे दुसऱ्याचे. दुसरा म्हणजे कन्व्हर्टर. वाचणाऱ्याचा चष्मा फुटला असेल, तर निरूपण करणारा बदलून काय उपयोग?

आणि म्हातारपण येते ते वाचणाऱ्याला. त्याच्याकडे मोटर आहे, दाते आहेत, खण आत-बाहेर करणारा रबरी पट्टा आहे, भिंगावर साचणारी धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी आहे. अर्थ सांगणारा म्हणजे नखाएवढी एक चिप. तिच्यात हलणारे, झिजणारे असे काही नाही.

ही चिप एके काळी फार अवघड गोष्ट होती, हे मान्य. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला प्लेअर जपानात विक्रीला आला, तेव्हा १६ बिटांचा आकडा अचूक उलगडणे मोठे जिकिरीचे होते. सोनीची भागीदार फिलिप्स तर १४ बिटांची चिप हाती धरून बसली होती. पण तिथल्या इंजिनिअरांनी आकडे चौपट वेगाने चालवण्याची युक्ती काढली आणि १४ बिटांतून जवळजवळ १६ बिटांचे काम करून घेतले. त्या काळच्या प्लेअरांच्या आवाजात खरोखरच फरक होता, आणि ८०च्या दशकाच्या अखेरीस वेगळ्या पेटीतले महागडे कन्व्हर्टर निघाले त्यामागे कारण होते. आज मोबाइलच्या इयरफोनसाठी मिळणाऱ्या बोटभर जोडवायरमध्येही कन्व्हर्टर बसलेला असतो, आणि तो बरा असतो. कारण संपले, किमती मात्र काही दुकानांत तशाच राहिल्या.

जाहिरातीतले १९२ आणि ३८४ हे आकडे पाहून दडपण येते. बॉस्टनमधल्या काही ध्वनिप्रेमींनी २००७ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. सीडीहून जास्त बारकाईने मुद्रित केलेले संगीत आधी तसेच ऐकवायचे, मग तेच सीडीच्या मापातून गाळून. कोणते कोणते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही. ५५४ वेळा विचारले. बरोबर उत्तरे निम्मी आली, म्हणजे छापा-काटा करून आली असती तेवढीच.

फरक ऐकू येत नाही असे मी म्हणत नाही. दुकानात तो हमखास ऐकू येतो. कारण एका पेटीचा आवाज दुसरीपेक्षा किंचित मोठा असतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, आणि कोणती पेटी लागली आहे ते आपल्याला न सांगता बदलणारा माणूस हाताशी ठेवावा. घरातली शाळकरी मुले हे काम आनंदाने करतात. ऐकायला तानपुरा लावावा. जवारीदार तारेवर एकेका आघातानंतर जे स्वर फुलत जातात, ते तीस सेकंद डोळे मिटून ऐकले की बरेच कळते. मागे विजेची घूं घूं येत असेल तर तीही तिथेच उघडी पडते, आणि आपल्याकडच्या वायरिंगमध्ये ही तक्रार कन्व्हर्टरच्या गुणांपेक्षा जास्त महत्त्वाची.

तेव्हा पहिले काम म्हणजे जुना प्लेअर उलटा करून पाठ पाहणे. ‘डिजिटल आउट’ असे लिहिलेले एखादे गोल भोक किंवा झाकणाआडचा लाल प्रकाश दिसला, तर कन्व्हर्टर जोडता येईल. प्लेअर सगळ्या तबकड्या नीट वाचत असेल आणि आवाजातच खरखर असेल, तेव्हाच जोडावा, साधा, स्वस्तातला. वाचतच नसेल, तर माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर काढावा. त्यातल्या बहुतेकांना ही सोय असते आणि सीडी ते विनातक्रार वाचतात. एवढ्यावर काम भागणारी घरे मी पाहिली आहेत. नवाच घ्यायचा तर यामाहा, डेनॉन, मरांट्झ अशा काही कंपन्या अजून प्लेअर बनवतात. त्यांच्या साध्या नमुन्यापलीकडे जाण्याचे कारण मला सापडलेले नाही.

उरलेले पैसे स्पीकरांवर घालावेत. साध्या कन्व्हर्टरमुळे मूळ स्वरात नसलेली जी भर पडते, ती टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. घरगुती स्पीकर खर्जात एक टक्का सहज घालतो. त्यात आपल्याकडे एक स्पीकर टीव्हीशेजारी आणि दुसरा गोदरेजच्या कपाटावर. तो कपाटावरचा खाली उतरवून कोपऱ्यापासून दोन हात पुढे आणला, तर डग्ग्याचा गुमका घुमायचा थांबतो. खर्च शून्य.

‘आता सगळे मोबाइलवर मिळते, सीडी कशाला?’ असे मुले विचारतात. सगळे मिळत नाही. लहान कंपन्यांनी काढलेल्या कितीतरी मैफली तिथे पोहोचलेल्याच नाहीत. पोहोचल्या तरी साथीला कोण होते, मैफल कुठली, कोणत्या साली झाली, हे वेष्टनावर असे, ते तिथे सापडत नाही. शिवाय घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असेल, तर त्यांना तबकडी ठेवून बटण दाबता येते. पासवर्ड आठवत नाही. या तबकड्यांची संगणकावर एक प्रत करून ठेवावी हे खरेच, पण तेवढ्याने आजोबांची संध्याकाळ भागत नाही.

आणखी एक. तबकडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. आडवा ओरखडा यंत्र आकडेमोड करून भरून काढते. रेघेच्या दिशेने गेलेला लांबलचक ओरखडा त्याला भरता येत नाही.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे थकलेला वाचक बहुधा शेवटाकडे धापा टाकतो. म्हणून नवा-जुना कुठलाही प्लेअर घ्यायला जाताना घरातली सत्तर मिनिटांवरची एखादी तबकडी सोबत न्यावी आणि पहिला राग न लावता थेट शेवटची भैरवी लावायला सांगावी. दुकानदार घड्याळ बघू लागला तरी ती पुरी ऐकावी.