गळाला लागला भाऊ!

मागच्या शनिवारी आम्ही नशिराबादला मामांकडे होतो. सकाळीच बाइक काढल्या आणि थेट वाघूरचा काठ. मासा एकही नाही, पण मावसभावाच्या अंगठ्यात गळ मात्र सॉलिड रुतला. तो उपटायला निघाला तसे मामा ओरडले, "ओढू नको ना भो!"

गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. सरळ ओढला की मांस फाडूनच निघतो.

मामांनी आधी गळाला बांधलेला तंगूस कापला. दुसरा तुकडा गळाच्या वळणात अडकवला, गळाची दांडी कातडीवर दाबून धरली आणि कातडीला समांतर, गळ घुसला त्याच्या उलट दिशेला एकच झटका. गळ बाहेर! (तो उडतो बरं का, समोर थांबू नका.) हीच युक्ती १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. मामांना त्याचा पत्ताही नाही.

पण हे वरवर रुतलेल्या गळापुरतंच. खोल गेला असेल, सांध्यात किंवा मानेत असेल, तर हिरोगिरी नको, सरळ हॉस्पिटल. डोळ्यात असेल तर उपटू नका, दाबूही नका. वर कागदी कप उपडा ठेवून चिकटवा आणि निघा.

जखम साबणाने धुतली. "धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस?" "दहावीत असेन." पाच वर्षं कधीच उलटलेली, म्हणून स्वारी डॉक्टरकडे.

संध्याकाळी मामा पक्कड घेऊन बसले आणि सगळ्या गळांचे उलटे काटे चेपून टाकले. "आता मासे निसटतील की!" भाऊ कुरकुरला. मामा म्हणाले, "आज कुठं धरले होते?"