छिन्नीच्या तोंडाची सील



विहिरीचा कातळ फोडायला हल्ली विजेचा ब्रेकर भाड्याने मिळतो. परवा एका विहिरीवर पाहिले, मोटर फिरतेय पण घाव बसत नाही. छिन्नीच्या तोंडाची रबरी सील फाटलेली. तिथून ग्रीस बाहेर आणि दगडाची भुकटी आत! ही भुकटी ग्रीसमध्ये मिसळली की कानशीसारखी घासते. दट्ट्यावरची रबरी कडी झिजते, हवा दाबून धरली जात नाही, घाव मरतो. म्हणून आधी प्लग काढा, छिन्नीचा दांडा स्वच्छ पुसा, त्याला ग्रीसचा पुसट हात द्या. लपका नको, त्यालाच धूळ चिकटते. आणि भाड्याने घेताना सील मालकादेखत तपासा. नाहीतर दुरुस्ती तुमच्या माथी.