‘मानधन’ हा शब्द आधी आपल्या तोंडातून जावा

मार्च महिना उजाडला की गावोगावच्या सभागृहांतून एक नवा कीर्तनप्रकार ऐकू येऊ लागतो. व्यासपीठावर पैठणी नेसलेल्या पाहुण्या असतात, मागे फलकावर ‘स्वतःला ओळखा, स्वतःला घडवा’ असे ब्रीद असते, आणि समोर बसलेल्या बायकांना सांगितले जाते की तुमच्या प्रगतीच्या आड दुसरे कोणीही नसून तुमचा न्यूनगंडच येत आहे. सकाळी अर्धा तास लवकर उठा, वेळेचे नियोजन करा, घर आणि नोकरी या दोन्ही डगरींवर हसतमुखाने उभ्या राहा. मग गुलाबाचे फूल, प्रशस्तिपत्र, चहा. बँका हे करतात, कंपन्या करतात, सत्ताधारी पक्ष तर घाऊक प्रमाणावर करतात. त्यांचे ते कामच आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या महिला आघाडीच्या शाखांनीही हेच कार्यक्रम याच भाषेत घ्यायला सुरुवात केली आहे. हे टिपण त्याविरुद्ध आहे.

व्यक्तीच्या विकासाला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली ती माणूस घडवण्यासाठीच. पण सावित्रीबाईंनी शिकवायला आलेल्या मुलीला असे सांगितले नाही की, बाई गं, तुला अक्षर येत नाही हा तुझ्या मनोवृत्तीचा दोष आहे. दोष कोणाचा हे त्या काळी स्पष्ट होते, आणि म्हणूनच रस्त्यावर शेण आणि दगड अंगावर आले. आजच्या विकासवाणीवर कोणी शेण फेकत नाही. ती कोणालाच अडचणीची नाही, यातच तिचे खरे स्वरूप कळते.

अंगणवाडी घ्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील तेहतीस प्रकल्पांपासून सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी बालकाला दवाखान्याकडे पाठवणे, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि लहानग्यांची शाळापूर्व तयारी ही सहा कामे मूळ आराखड्यातच होती. त्यांच्यावर पुढे किती थर चढले याचा हिशेब सेविकांनाही सांगता येणार नाही. घरभेटी, वजन-उंचीच्या नोंदी, नाना पाहण्या, करोनाच्या साथीत दारोदार फिरून केलेल्या चौकश्या. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही त्यांच्यावर आले आणि पात्र अर्जामागे पन्नास रुपये प्रोत्साहनपर जाहीर झाले. एका बहिणीला महिना पंधराशे मिळवून देण्यासाठी दुसरी बहीण रात्री अकरापर्यंत मोबाइलवर कागद चढवत बसली होती. तिला मात्र शासनाने बहीणही म्हटले नाही आणि कर्मचारीही म्हटले नाही. तिचे सरकारी नाव ‘मानसेवी’ आणि तिला मिळतात त्या पैशांचे नाव ‘मानधन’.

या शब्दाची जात पाहिली पाहिजे. मूल सांभाळणे, भरवणे, शेजारणीच्या बाळंतपणाला धावून जाणे हे बाईच्या अंगचेच, ती ते घरी फुकट करतेच. मग तेच चार घरांसाठी केले तर त्याला वेतन कशाला, सन्मानाखातर काहीतरी हातावर ठेवले म्हणजे झाले, असा हिशेब त्यामागे आहे. स्वयंपाकघराची भिंत सरकवून गावाच्या वेशीपर्यंत नेली आणि आतला कायदा तोच ठेवला. २०१८ साली केंद्र सरकारने आपल्या वाट्याची वाढ मोठ्या थाटात जाहीर केली, तेव्हा सेविकेची रक्कम महिना ३,००० वरून ४,५०० झाली आणि मदतनीस १,५०० वरून २,२५० वर आली. राज्य शासन त्यात आपली भर घालते, हे खरे. पण ती भर संपाशिवाय किती वेळा पडली, हे आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही संघटक बाईला विचारावे.

आणि गंमत पाहा. सप्टेंबर २०१७ मध्ये या बायकांनी संप केला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये शासनाने त्यांना ‘मेस्मा’ म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा लावला. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा कुठे त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे वेतन द्यायची वेळ आली की त्यांची सेवा ऐच्छिक, आणि संपावर गेल्या की तीच सेवा अत्यावश्यक! स्वेच्छेने आलेल्या स्वयंसेविकेला संप केला म्हणून तुरुंगाची भीती घालणारे दुसरे सरकार कुठे सापडले तर कळवावे. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत पुन्हा संप झाला, तेव्हा सेवासमाप्तीच्या नोटिसा निघाल्या. जी नोकरीच नाही ती समाप्त कशी करतात, हे त्या नोटिशींवर सही करणाऱ्यांनाच ठाऊक.

न्यायालयांची वाटही सरळ नाही. कर्नाटकाच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविका हे शासकीय पद नव्हे. मे २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने, म्हणजे जिथे सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही बसतात त्या परिषदेने, योजनांवर राबणाऱ्या या सर्वांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस केली. ती शिफारस बासनात गेली. मग एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातमधील सेविका-मदतनिसांच्या अपिलावर, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ दिला. त्या निकालातील आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट उपदानाच्या रकमेहून मोठी आहे. मानधन म्हणून जे दिले जाते ते वेतनाच्या व्याख्येत बसते, असे न्यायालयाने म्हटले. एवढी साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत यायला सत्तेचाळीस वर्षे लागली.

आता विकासाचा प्रश्न. वीस-वीस वर्षे एकाच खुर्चीवर (तीही पुष्कळदा लहान मुलांची) बसलेल्या बाईला ‘स्वतःला घडवा’ असे सांगणाऱ्या विदुषींनी तिला पुढे जायला वाट कोणती ठेवली आहे, याचा शोध घ्यावा. मदतनिसाची सेविका आणि सेविकेची मुख्यसेविका होण्यासाठी निम्म्या जागा बढतीने भराव्यात, पाच वर्षांचा अनुभव पुरे, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत २०२२ मध्ये आले. योजना सुरू झाली १९७५ ला! एवढा काळ बढती ही गोष्ट या कामात कोणाला सुचली नाही, कारण आईला बढती कुठे असते? आणि पुढे जाणे हे केवळ आत्मविश्वासाने होत असेल, तर २०२१ साली राज्यभरच्या सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले त्याला काय म्हणणार? हिशेब ठेवायला दिलेले यंत्र हिशेबालाच पुरत नाही, हे त्यांनी ते कार्यालयाच्या टेबलावर ठेवून दाखवले. कधीकाळी सरपंचासमोर पदर सावरत उभी राहणारी बाई शिष्टमंडळात बसून अधिकाऱ्याला त्याच्याच परिपत्रकाचा क्रमांक सांगते. हा व्यक्तिमत्त्वाचा विकास कोणत्या सभागृहात झाला? तो आझाद मैदानावर, पावसात, प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाला.

इथे आपल्यातील काही जुने साथी म्हणतील की हे सारे मान्य, पण हा शेवटी वेतनाचा, म्हणजे वर्गाचा लढा आहे. घरातल्या भांडीधुण्याचा प्रश्न त्यात आणून धार बोथट करू नका. या युक्तिवादाचा मला मनापासून कंटाळा आला आहे. डॉ. लोहियांनी सप्तक्रांती मांडताना स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले, आणि शंभरात साठ जागा मागितल्या त्या मागासांत त्यांनी सगळ्या जातींच्या स्त्रिया धरल्या होत्या. आपण ती घोषणा जातींपुरती पाठ केली आणि उरलेली सोयीने विसरलो. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी यांनी मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी आणली, तेव्हा स्वयंपाकघर हेच राजकारण आहे असे पक्षभेद ओलांडून ठरले. समाजवादी आणि कम्युनिस्ट एका मोर्चात चालले. मात्र मोर्चा संपल्यावर लाटणी ज्या हातांत घरी परतली ते हात बदलले नाहीत. त्या लढ्याचे ते अपुरे राहिलेले काम आहे आणि ते आपल्या खाती आहे.

ते किती अपुरे, याचे आकडे सरकारच देते. वेळेच्या वापराची राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये झाली, पुन्हा २०२४ मध्ये झाली. घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होती, ती २८९ वर आली. घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे देत होता, तो ८८ वर आला. असा हात लावणारे पुरुष मुळात शेकडा तीसदेखील नाहीत. पाच वर्षांत तिची दहा मिनिटे सुटली, पण ती त्याने उचलली नाहीत. त्यानेही आपली नऊ काढून घेतली! या जवळजवळ पाच तासांवर ‘वेळेचे नियोजन’ कसे करायचे, हे व्याख्यात्या बाईंनी फळ्यावर मांडून दाखवावे. ऊसतोडीच्या फडावर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि बाई अर्धा कोयता. पहाटे तीनला भाकऱ्या थापून फडात जाणाऱ्या त्या अर्ध्या कोयत्याला अर्धा तास लवकर उठायला सांगण्याचे धैर्य कोणाला असेल तर त्याने खुशाल फडावर जावे.

याउलट रोजगार हमीचा अनुभव आठवावा. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. खडी फोडण्याचे आणि माती वाहण्याचे काम कोणाही बाईचे स्वप्न नव्हते. तरी त्या कामावर बाया मोठ्या संख्येने आल्या, कारण मागेल त्याला काम होते, दर पुरुषाचा तोच बाईचा होता आणि कामाजागी पाळणाघराची तरतूद कायद्याने मानली होती. पाळणाघर प्रत्यक्षात अनेकदा झाडाला बांधलेल्या झोळीपुरतेच राहिले, हेही खरे. पण हक्क म्हणून लिहिलेले होते, म्हणून भांडता येत होते. बाईचे घरातले आणि बाहेरचे स्थान बदलायचे तर अशा गोष्टींनी बदलते.

सर्वांत अवघड भाग आपल्या घरचा आहे. ‘सेवा’ आणि ‘त्याग’ हे आपले शब्द आहेत. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर, साने गुरुजींच्या सावलीत, या शब्दांवर दोन-तीन पिढ्या वाढल्या. पूर्णवेळ कार्यकर्ता पक्षाकडून तुटपुंजे मानधन घेतो, ही गोष्ट आपल्याला भूषणाची वाटते आणि तशी ती आहेही. परंतु तो त्याग त्याने निवडलेला असतो. आणि तो निवडता यावा म्हणून मागे कोणीतरी शाळेत शिकवत असते, टपाल कार्यालयात नाहीतर बँकेत नोकरी करत असते, शिवाय रात्री-अपरात्री आलेल्या चार साथींसाठी पिठले टाकत असते. तिच्या त्यागाला कार्यकर्त्याच्या आत्मचरित्रात एक कृतज्ञतेचे वाक्य मिळते, क्वचित अर्पणपत्रिका. शासनाने अंगणवाडी योजना आखताना हाच आपला शब्दकोश उचलला. जी निवड नाही तिला सेवा म्हटले, जो पगार आहे त्याला मान म्हटले. आपण ‘सेविकांचे मानधन वाढलेच पाहिजे’ अशी घोषणा देतो, तेव्हा नकळत त्याच कोशाची पाने उलटत असतो.

तिजोरीत पैसा कुठे आहे, हा प्रश्न येणारच. ज्या तिजोरीतून निवडणुकीच्या तोंडावर कोट्यवधी खात्यांत रक्कम जाऊ शकते, तिच्या रितेपणाची काळजी या बायकांनी का वाहावी?

जिल्हा अधिवेशनांच्या ठरावांचे मसुदे येतील तेव्हा ‘मानधनवाढ’ असा शब्द दिसेल तिथे तो खोडून ‘वेतन’ लिहावे. सेविका, मदतनीस, आशा आणि गटप्रवर्तक यांना कामगार म्हणून मान्यता, निवृत्तिवेतन आणि अनुभवावर बढती या मागण्या एकत्र मांडाव्यात. अधिवेशनाच्या जागी पाळणाघर असावे आणि ते सांभाळायला युवक शाखेतील मुलगे नेमावेत. भोजनसमितीत पुरुष निम्मे असावेत, नुसते वाढप्ये म्हणून नव्हे, भांडी घासण्यापर्यंत. बैठका रात्री नऊनंतर ठेवून महिला सभासद येत नाहीत अशी तक्रार करण्याची पद्धत बंद करावी. आणि येत्या ८ मार्चला कोणत्याही शाखेला व्याख्यान ठेवायचेच असेल, तर बोलायला प्रकल्पातल्या मदतनीस बाईंना बोलवावे. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडणार असेल तर तो शाखेने भरून द्यावा, आणि पावतीवर काय लिहायचे ते वर सांगितले आहेच.