आधी परतीची गाडी, मग गाणं

लाइव्ह म्युझिक ऐकायला कुठे जायचं, हे मुंबईतली मुलं गायक बघून ठरवतात. आम्ही गागोद्याची मुलं आधी परतीची गाडी बघतो. नरिमन पॉइंटचं एनसीपीए, किंग्ज सर्कलचं षण्मुखानंद, नावं मोठीच! पण रात्री दहाला मैफल संपली, तर लोकल पनवेललाच थांबते. तिथून पेण, पेणहून गाव... घरी काय सांगणार?

म्हणून आपल्यासारख्यांनी पनवेलचं फडके किंवा वाशीचं भावे नाट्यगृह आधी बघावं, तेही सकाळ-दुपारच्या कार्यक्रमासाठी. आणि आयोजकांनो, महिन्यातून एक तरी मैफल रविवारी दुपारी ठेवा ना! तिकिटाचे पैसे आम्ही साठवतो. रात्रीचा मुक्काम नाही परवडत. आणि भैरवी सोडून उठणं तर त्याहून नाही.