गृहोपयोगी विचार : दोन पडद्यांचें मेज

संगणकास एक पडदा असतां दुसरा कशास, असा प्रश्न घरांतील वडील मंडळी विचारतात; तो अगदींच गैरवाजवी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु रोजकीर्द मिटून खतावणी उघडावयाची व पुन्हा खतावणी मिटून रोजकीर्द पाहावयाची, अशा रीतीनें पूर्वीं कोणी हिशेब लिहीत नसे; दोन्ही वह्या शेजारीं शेजारीं पसरीत. घरीं बसून हिशेबाचें किंवा भाषांतराचें काम करणाऱ्या सूनबाईंनीं दुसरा मॉनिटर मागितला, तर ती चैन नव्हे. हीच जुनी सोय होय. मॅकिंटॉशवर ती १९८७ पासून व घरगुती विंडोजवर १९९८ पासून उपलब्ध आहे.

मात्र खरेदीपूर्वीं संगणकाची पाठ पाहावी. मॉनिटरकरितां किती व कोणते पोर्ट आहेत, हें टिपून घ्यावें. पुष्कळांचा पैसा येथेंच फुकट जातो. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टपासून मॉनिटरच्या एचडीएमआयपर्यंत जाणारी साधी केबल उलट दिशेनें चालत नाहीं. ग्राफिक्स कार्ड निराळें असेल, तर दोन्ही केबली त्या कार्डासच जोडाव्या. मदरबोर्डास जोडलेला पडदा पुष्कळदां काळाच राहतो आणि निर्दोष मॉनिटर दुकानांत परत जातो.

जोडणी झाल्यावर विंडोज व पी हीं बटणें एकदम दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावें; ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोहोंकडे एकच चित्र दिसेल. नंतर सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ या भागांत १ व २ आंकड्यांचे चौकोन मेजावरील मांडणीप्रमाणें सरकवावे. नाहीं तर माउसचा बाण पडद्याच्या कडेशीं अडून बसतो.

मुख्य कामाचा पडदा नाकासमोर, हात लांब केला असतां बोटें पोंचतील इतक्या अंतरावर असावा. दुसरा त्यास लागून किंचित् आंत वळवावा. वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा थोडी खालीं ठेवावी. दिवसभर एकाच बाजूस वळलेली मान रात्रीं दुखल्यावांचून राहत नाहीं.

दुसऱ्या पडद्यावर बातम्या व गप्पाच चालणार असतील, तर तो न घेणें बरें. परंतु घेतलाच असेल, तर वडील मंडळींनींहि एक पथ्य पाळावें. सूनबाई घरांत आहेत म्हणून त्या रिकाम्याच आहेत असें समजून त्यांस घटकोघटकीं हांक मारूं नये. कचेरींतील खुर्चीवर बसलेल्या मुलास जो मान आपण देतों, तोच या मेजासहि द्यावयास हवा.