शेतकऱ्याच्या परसांतील न्हाणी

शेतकऱ्यानें घराला जोडून काय बांधावें, याचा विचार आपल्याकडे ठराविक क्रमानें होतो. आधीं गोठा, मग धान्याची कोठी, मग ओटा; आणि हातीं कांहीं उरलेंच तर इतर सोयी. या इतर सोयींत न्हाणीचा क्रम बहुधा शेवटचा असतो, व पुष्कळ घरीं तो लागतच नाहीं. माझें मत असें आहे कीं, न्हाणी ही गोठ्याच्या बरोबरीची गरज असून ती घराबाहेर, परसांत, वाहत्या पाण्याची असावी. तें मत कां बनलें, हें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम माझ्याच घरची हकीकत सांगतों. आमच्या गोठ्याला फरशी झाली, त्यानंतर नऊ वर्षें माझी आई तुराट्यांच्या कुडाआड एका दगडावर बसून स्नान करीत होती. पावसाळ्यांत तो कूड कुजे, व उन्हाळ्यांत त्यांतून आरपार दिसे. आई पहांटे चार वाजतां उठे. ती कामाच्या ओढीनें उठते, असें आम्ही सर्वजण समजत होतों व चारचौघांत तिचें कौतुकही करीत होतों. पुढें घरांत सून आली आणि तिनें पहिल्याच महिन्यांत न्हाणी मागितली. तेव्हां आई एवढेंच म्हणाली, “मींही मागायला हवी होती.” उजाडण्यापूर्वीं आंघोळ उरकली पाहिजे, म्हणून ती इतकीं वर्षें चारला उठत होती! बैलाच्या खुरास चिखल लागूं नये, याची काळजी आम्हीं वाहिली. आईचें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

ही एका घरचीच गोष्ट नव्हे. २०११ च्या जनगणनेच्या वेळीं ग्रामीण भारतांतील निम्म्याहून अधिक कुटुंबांना घराच्या आवारांत स्नानाची सोय नव्हती. २०१४ सालीं स्वच्छ भारत अभियान सुरू झालें व गांवोगांव शौचालयें उभीं राहिलीं, तें उत्तमच झालें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें माणशीं दररोज ५५ लिटर पाण्याचें प्रमाण ठरविलें. परंतु नळाचें पाणी दाराशीं आलें, तरी तें अंगावर घेण्यास आडोसा नसेल, तर घरांतील स्त्रियांच्या दृष्टीनें तें अर्धेंच आलें.

दुसरें कारण याहून कडक आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें. कीटकनाशक केवळ श्वासावाटेंच शरीरांत जातें असें नाहीं. मोनोक्रोटोफॉससारखीं औषधें त्वचेवाटेंही आंत शिरतात. घामानें व फवाऱ्यानें भिजलेला सदरा जितका वेळ अंगावर राहील, तितका वेळ विष आंत जातच असतें. म्हणून फवारणी संपतांच कपडे उतरवून साबण व भरपूर पाणी यांनीं सर्व अंग धुणें, हा बचावाचा अगदीं आवश्यक भाग आहे.

आतां हा मनुष्य घरीं येऊन काय करतो, तें पाहा. तो स्वयंपाकघरावरून, रांगत्या मुलाच्या जवळून, आंतल्या मोरीपर्यंत जातो. मग विष लागलेल्याच हातानें तांब्या धरून तो बादलींत बुडवितो. पहिल्या तांब्याबरोबर बादलींतील सर्व पाणी बाटतें, आणि तोच तांब्या पुढें दुसऱ्याच्या हातीं जातो. वरून झारीसारखें पडणारें पाणी असेल, तर एकदां अंगावरून गेलेलें पाणी पुन्हां अंगावर येत नाहीं. शहरांत ज्यास शॉवर म्हणतात व चैनींत गणतात, त्याचें खरें स्थान फवारणी करणाऱ्याच्या परसांत आहे, असें मी म्हणतों तें याच कारणानें.

अशी न्हाणी बांधतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जागा विहिरीपासून निदान ५० फूट दूर व उताराच्या अंगास असावी. आंतून चार फूट रुंद व पांच फूट लांब एवढें माप पुरतें. भिंती साडेसहा फुटांहून कमी नसाव्या; आणि शेजारीं दुमजली घर असेल, तर वर पत्रा हवाच, मात्र भिंत व पत्रा यांच्यामध्यें हवा खेळण्यास फट ठेवावी. तळाला खरबरीत शहाबादी फरशी घालून पांच फुटांत सव्वा इंच उतार द्यावा. आंतून लागणारी कडी, कपड्यांना दोन खुंट्या, साबणाला कोनाडा व एक दिवा, या वस्तु क्षुल्लक दिसतात. पण त्या नसल्या तर बायका तेथें जात नाहींत, व बांधकाम सरपण ठेवण्याच्या कामीं येतें.

पाण्याचें पिंप २०० लिटरचें असावें. भरल्यावर त्यांतील पाण्याचेंच वजन २०० किलो होतें, म्हणून तें पत्र्यावर न ठेवतां विटांच्या खांबांवर किंवा लोखंडी घोडीवर ठेवावें. पिंपाचा तळ झारीहून निदान तीन फूट उंच हवा. एवढ्या उंचीनें दाब थोडाच मिळतो. यास्तव बारीक भोंकांची नाजूक झारी न घेतां मोठ्या भोंकांची घ्यावी. पिंपास काळा रंग दिला, तर उन्हानें दुपारनंतर पाणी आपोआप कोमट होतें. मिनिटाला आठ लिटर पाणी पडत असेल, तर पांच मिनिटांत ४० लिटर जातें. परंतु साबण लावतांना चावी बंद केली, तर रोजचें स्नान २५ लिटरांत होतें, म्हणजे एका पिंपांत आठ माणसांचें. फवारणीच्या दिवशीं मात्र पाण्यास हात आंखडूं नये.

सांडपाण्याविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. काळ्या चिकण जमिनींत शोषखड्डा लवकर तुंबतो. तो मुरुमापर्यंत खोल नेऊन दगडगोट्यांनीं भरावा, व त्याआधीं गाळ बसण्यास लहानशी हौदी करावी. न्हाणीचें पाणी अळूस अगर केळीस देण्याची आपली जुनी चाल काटकसरीची खरी. परंतु ज्या घरीं फवारणी करणारा स्नान करतो, तेथें तें खाण्याच्या झाडांस मुळींच देऊं नये. खड्ड्याभोंवतीं कर्दळ लावावी. फवाऱ्याचा पंप या न्हाणींत धुऊं नये, आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळूं नयेत.

कोणी म्हणेल कीं, आमचे वाडवडील नदीवर स्नान करीत, त्यांचें काय अडलें? त्यांचें अडलें नाहीं, कारण त्यांच्या अंगावर हें विष नव्हतें. आणि त्यांच्या बायकांचें अडलें कीं नाहीं, हें त्यांस कोणीं विचारलें होतें? खर्चाची अडचण मात्र खरी आहे. ज्यास एका वर्षीं सर्व साधत नसेल, त्यानें यंदा फरशी, खड्डा व पक्का आडोसा करावा, आणि पिंप व झारी पुढील हंगामापूर्वीं बसवावी.

शेवटचा मुद्दा दाराचा. पुष्कळांकडे फवारणी मालक करीत नाहीं, मजूर करतो, आणि संध्याकाळीं तो तसाच भिजल्या कपड्यांनीं आपल्या झोंपडीची वाट धरतो. त्याच्या अंगावरील विष आपल्या पिकासाठीं पडलेलें आहे. तें धुण्यास पाणी, साबण व अंगावर घालण्यास कोरडा कपडा देणें हें आपलें कर्तव्य आहे, उपकार नव्हे. न्हाणी घराबाहेर असावी, या माझ्या आग्रहाचें हेंही एक कारण आहे. तिला दोन दारें ठेवावीं : एक घरांतील बायकांसाठीं परसाकडे, व दुसरें शेताच्या वाटेकडे. दोन्ही दारांस आंतून कडी असावी, आणि आंत असणाऱ्यास बाहेरून कोणीं हांक मारून घाई करूं नये. आमच्या घरीं अशी न्हाणी आतां आहे. आई हल्लीं उजाडल्यावर उठते.